रमीचं पाप गेमच्या माथी

बीड जिल्ह्यात मुलांच्या करमणुकीचा विषय पालकसभेत निघो, पारावर निघो की गणेशोत्सवातल्या एखाद्या व्याख्यानात निघो, निकाल एकच लागतो: गेम म्हणजे नाद आणि नाद म्हणजे वाटोळं. ऑनलाइन रमीत पगार उडवणारा नोकरदार, मोबाइलवर मध्यरात्रीपर्यंत गोळीबार करत बसणारा दहावीचा मुलगा आणि स्वतः साठवलेल्या पैशांतून घेतलेला गेम लॅपटॉपवर खेळणारी पदवीची विद्यार्थिनी, हे तिघेही एकाच माळेचे मणी ठरतात. असं बोलणाऱ्यांच्या कळकळीवर मला शंका नाही. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपांनी गावोगावच्या घरांत कर्ज आणि भांडणं आणली, हे आपण सगळेच पाहत आलो. पण कळकळ खरी असली तरी निदान चुकू शकतं, आणि इथे ते चुकलं आहे. स्टीमसारख्या व्यासपीठावरून गेम विकत घ्यावेत, आपला संग्रह जमवावा आणि सवडीने त्यातला एकेक गेम खेळावा, हा चांगला छंद आहे. त्याला रमीच्या रांगेत बसवलं की छंद करणाऱ्यावर अन्याय होतोच, शिवाय रमी चालवणाऱ्याला आडोसा मिळतो.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगायला हवं, कारण तिच्यावर टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती उघडूनही पाहिलेली नसते. स्टीम हे व्यासपीठ अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू केलं. सुरुवातीचं काम मर्यादित होतं: कंपनीचे स्वतःचे गेम इंटरनेटवरून अद्ययावत ठेवायचे. पुढे इतरांचे गेमही तिथे विकले जाऊ लागले आणि आज कॉम्प्युटर गेमचं ते जगातलं सगळ्यात मोठं दुकान आहे. मार्च २०२५ मध्ये एका वेळी ४ कोटींहून जास्त लोक त्यावर हजर होते. खातं फुकट उघडता येतं. नोव्हेंबर २०१५ पासून किमती रुपयांत दिसतात आणि आता यूपीआयनेही पैसे भरता येतात. घेतलेला गेम खात्यावर राहतो. डिस्कवर जागा नसेल तर काढून टाकावा, सहा महिन्यांनी पुन्हा उतरवून घ्यावा, दुसऱ्यांदा पैसे पडत नाहीत. बहुतेक गेमांत खेळ कुठवर आला होता याची नोंदही खात्यावर जपली जाते, त्यामुळे जुना लॅपटॉप बिघडून नवा आला तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. डाव्या बाजूला आपल्या गेमांची यादी, प्रत्येक गेमच्या पानावर तो आजवर किती तास खेळला गेला त्याचा आकडा. गेम पसंत पडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात.

या शेवटच्या नियमापाशी थोडं थांबायला हवं. रमीच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही पैसे टाकायचात ते जास्त पैसे मिळतील या आशेवर. हरलात तर गेलेले काढायला पुन्हा टाकायचात, आणि अ‍ॅपचा धंदा तुमच्या त्या ‘पुन्हा’वर चालायचा. स्टीमवर तुम्ही पाचशे रुपये देता आणि गेम घेता. व्यवहार तिथे संपला. तो गेम दहा तास खेळा की दोनशे तास, जिंका की हरा, खिशातून आणखी काही जात नाही आणि खिशात काही येतही नाही. पणाला काहीच लागत नाही. जुगार आणि करमणूक यांतला फरक पडद्यावरच्या चित्रांत शोधायचा नसतो, तो पैशाच्या वाटेत असतो. संसदेनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात नेमकी हीच रेघ ओढली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्याने पैसे जिंकण्याच्या आशेवर पैसे लावायला लावणारे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, आणि ज्या खेळांत पैज नाही, फक्त वर्गणी किंवा एकदाच प्रवेशाचे पैसे आहेत, त्यांना वेगळं ठेवलं. दिल्लीला जो भेद कळला तो पालकसभेला कळू नये, असं काही नाही.

हा भेद पुसला गेल्याने फायदा कुणाचा झाला, हेही तपासावं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. ते क्लबात पत्ते कुटणाऱ्यांपुरतं प्रकरण. पण त्याच निकालाच्या आधारावर काही दशकांनी अ‍ॅपवाल्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि आपण जुगाराचे अड्डे नसून गेमिंग उद्योग आहोत असं सांगू लागल्या. क्रिकेटपटू आणि अभिनेते त्यांच्या जाहिरातींत आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बच्चू कडू यांनी अशा जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केलं, ते अनेकांना आठवत असेल. २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द विधिमंडळातल्या एका मंत्र्याच्या रमीच्या व्हिडिओवरून गदारोळ झाला. आपण खेळत नव्हतो, असं संबंधित मंत्र्यांनी सांगितलं, तरी कृषी खातं त्यांच्याकडून गेलं. या सगळ्या काळात रमीवाल्यांना हवं होतं ते एवढंच, की लोकांनी त्यांना गेम बनवणाऱ्यांच्या पंगतीत बसवावं. ‘सगळे गेम सारखेच’ असं म्हणणारा मास्तर नकळत त्यांचंच म्हणणं पुढे नेत होता. मुलगा लॅपटॉपवर शहर वसवत बसला म्हणून त्याला रागावणाऱ्या बापाच्या स्वतःच्या फोनमध्ये रमीचं अ‍ॅप असेल, तर त्या घरात धोका कुठल्या पडद्यावर आहे ते उघड आहे.

आता गेमच्या आत काय असतं त्याकडे वळू, कारण टीकाकारांचा खरा समज असा आहे की आत काहीच नसतं, नुसती धावपळ आणि रक्त. ल्यूकस पोप यांनी २०१३ मध्ये केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम घ्या. १९८२ चं साल, आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक देश, सीमेवरची चौकी, आणि तुम्ही खिडकीमागे बसलेले कारकून. रांगेतला माणूस पुढे येतो, पासपोर्ट सरकवतो. फोटो जुळतो का, मुदत संपली आहे का, शहराचं नाव बरोबर आहे का, परवान्यावरचा क्रमांक पासपोर्टशी मिळतो का, हे तुम्ही टेबलावर कागद शेजारी शेजारी ठेवून पाहता आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारता. दिवसाचा पगार किती माणसं निकालात काढली त्यावर. संध्याकाळी त्याच पगारातून घरभाडं वजा होतं आणि उरलेल्यात अन्न, शेगडी की आजारी पोराचं औषध हे ठरवावं लागतं. मग एक दिवस एक माणूस येतो, त्याचे कागद चोख असतात. जाताना तो सांगतो की मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. ती पुढे येते, तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नसतो. सोडलं तर तुमच्या नावावर चूक चढते, अडवलं तर नवरा-बायकोची ताटातूट. गेम काहीच सांगत नाही, फक्त थांबतो. तहसीलमध्ये एका दाखल्यासाठी चार खेटे घातलेल्या माणसाला या खिडकीची दुसरी बाजू जशी इथे कळते तशी एखाद्या भाषणातून कळणार नाही, कारण इथे शिक्का त्याच्याच हातात आहे.

असे गेम अपवादाने सापडतात, असंही नाही. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडमधल्या ११ बिट स्टुडिओजचा २०१४ चा गेम युद्धात सापडलेल्या सामान्य माणसांची गोष्ट सांगतो. तुम्ही सैनिक नसताच, पडक्या घरात दडून बसलेले तिघेचौघे असता. पोलंड सरकारने २०२० मध्ये तो शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घालण्याचं जाहीर केलं. इतिहासाची आवड असणाऱ्याला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मध्ये १४४४ सालचा जगाचा नकाशा मिळतो आणि त्यात दख्खनवर बहमनी राज्य उभं असतं. बीड त्या वेळी बहमनींच्याच मुलखात होतं, तेव्हा स्वीडनमध्ये तयार झालेल्या गेममध्ये आपला मुलगा आपल्याच जिल्ह्याचा कारभार हाकू शकतो, विजयनगरशी तह करू शकतो, महसूल आणि फौज यांचा मेळ घालताना हैराण होऊ शकतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, तो स्टीमवर जगभर विकला गेला. राजस्थानी किल्ले, आपली पुराणं आणि भावाला शोधत निघालेली एक मुलगी, असा त्याचा ऐवज. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ तर सरळ शेतीचा गेम आहे. त्यात २८ दिवसांचा हंगाम असतो आणि हंगाम उलटला की चुकीच्या वेळी पेरलेलं पीक रानात वाळून जातं. त्याची किंमत पाचशे रुपयांच्या आत आहे आणि दोन जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही तो चालतो.

व्यसनाचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्या व्याख्येत काय म्हटलं आहे ते नीट वाचलं पाहिजे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या कामांपेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, हे साधारणपणे बारा महिने दिसत असेल तर त्याला विकार म्हणावं. रविवारी दुपारी तीन तास खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जवळपास ३९ हजार खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांच्या सांगण्यावर न विसंबता कंपन्यांकडून खेळण्याच्या वेळेची खरी नोंद घेतली होती, आणि किती तास खेळलं याचा माणसाच्या समाधानावर फारसा परिणाम दिसला नाही. का खेळतो, मनापासून की सुटत नाही म्हणून, याला मात्र महत्त्व होतं. हिंसेच्या आक्षेपाचंही तेच. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या हजारभर किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात हिंसक गेम आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध आढळला नाही. ज्याला खरोखर विकार जडला त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं, आणि ते ताबडतोब. पण एका आजाऱ्यासाठी सगळ्या गावाला पथ्य लावणं हे वैद्यकशास्त्र नव्हे.

शिवाय ज्या पालकाला खरंच लक्ष ठेवायचं आहे त्याला स्टीमवर जेवढं दिसतं तेवढं मुलाच्या मोबाइलवर सहसा दिसत नाही. तासांचा आकडा गेमच्या पानावर लिहिलेला असतो. २०२४ पासून घरातल्या सहा जणांपर्यंत एक कुटुंब करता येतं. एकाने घेतलेला गेम बहुतांशी दुसऱ्यालाही खेळता येतो, मुलाच्या खात्यावर कोणते गेम दिसावेत आणि रोज किती वेळ चालावेत हे आईवडील ठरवू शकतात, आणि मुलाला काही विकत हवं असेल तर विनंती मोठ्यांकडे येते. रील्समागून रील्स दाखवणाऱ्या अ‍ॅपची सगळी रचना तुम्हाला उठू न देण्यासाठी असते. इथल्या पुष्कळ गेमांना शेवट असतो. गोष्ट संपते, नावं वर सरकू लागतात, आणि माणूस उठतो.

दुसरा आक्षेप जिल्ह्यातून येतो आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, अशा जिल्ह्यात हे चोचले कुणाचे, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत गेमचा कॉम्प्युटर नसतो. पण त्या कोपीत फोन असतो, आणि फोनवर रमीची जाहिरात पोचली होती. म्हणजे गरिबाच्या दाराशी जे गेलं ते नेमकं घातक होतं, आणि जे निरुपद्रवी आहे ते अजून गेलेलंच नाही. याचा इलाज निरुपद्रवी वस्तूलाही शिव्या घालणं हा कसा असेल? बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथे शिकणाऱ्या मुलांच्या हातात आज जुने का होईना लॅपटॉप आहेत, बरेचसे सेकंडहँड. त्यांच्यासाठी हे व्यासपीठ वाटतं तेवढं महाग नाही. डोटा २ आणि काउंटर-स्ट्राइक फुकट आहेत, सेलमध्ये पुष्कळ चांगले गेम शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. नेट सारखं लागतच असं नाही, एकट्याने खेळायचे बहुतेक गेम उतरवून घेतल्यावर ऑफलाइन चालतात. २०२३ पासून तर एका कॉम्प्युटरवर उतरवलेला गेम त्याच वायफायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर थेट घेता येतो. होस्टेलच्या एका खोलीत चौघांनी तोच गेम विकत घेतला असेल, तर पन्नास जीबीचा डेटा एकानेच खर्चावा, बाकी तिघांनी त्याच्याकडून घ्यावा. पूर्वी शहरातल्या दुकानांत पायरेटेड सीडी मिळायच्या, सोबत व्हायरस फुकट. त्या चोरीच्या मालावरून ही पिढी रीतसर विकत घेण्याकडे वळली, ते धाकाने वळली नाही. वाजवी किंमत आणि सोय यांनी वळली.

या व्यासपीठात खोट नाही असा माझा दावा नाही. काउंटर-स्ट्राइकमधल्या बंदुकांच्या रंगीत सजावटी पेट्यांमधून निघतात. पेटीला किल्ली लागते, किल्लीला पैसे लागतात, आत काय निघेल ते नशिबावर, आणि निघालेली वस्तू बाजारात विकता येते. हा व्यवहार मटक्याच्या फार जवळ जातो. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या आणि आपल्याकडेही त्यांची चौकशी व्हायला हवी. मुलांना या पेट्यांपासून लांब ठेवा असं सांगणारा पालक बरोबर आहे. दुसरी खोट मालकीची. तुम्ही विकत घेता तो वापरण्याचा परवाना असतो, गेमची मालकी नव्हे. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे बापाची पुस्तकं लेकीकडे जातात तसा हा संग्रह जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून, विकला जातो तो फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगायला दुकानांना भाग पाडलं. भारतात तसा कायदा व्हावा म्हणून ग्राहक पंचायतींनी आवाज उठवला तर गेम खेळणारे त्यांच्या मागे उभे राहतील. पण या तक्रारी ग्राहकाच्या आहेत. दुकानदाराने वजनात मारलं तर आपण दुकानदाराला धरतो, धान्य खाणं वाईट असं म्हणत नाही.

आणि आता ज्या बचावाशी माझं जमत नाही त्याविषयी. गेमची बाजू घेणारे अलीकडे घाईने सांगतात की यातून करिअर होतं, ई-स्पोर्ट्समध्ये लाखोंची बक्षिसं आहेत, मेंदू तल्लख होतो, इंग्रजी सुधारतं. यातलं काही थोड्यांच्या बाबतीत खरं असेलही. पण हा बचाव आक्षेप घेणाऱ्याचीच अट मान्य करतो, की ज्यातून पैसा किंवा मार्क मिळत नाहीत ते करायचंच नाही. बीडसारख्या जिल्ह्यात ही अट मुलांच्या मानेवर आधीच जड झालेली आहे. बारावीपर्यंत नीटचे क्लास, नाहीतर पोलीस भरतीसाठी पहाटेचं पळणं, नाहीतर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. या वाटांवर मेहनत करणाऱ्या मुलामुलींबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांच्या दिवसातला एखादा तास तरी कशाच्याही कामी न येणारा असावा असं मला वाटतं. भजन, तमाशा, कुस्तीचा फड, कीर्तन, टुरिंग टॉकीज, या जिल्ह्यातल्या माणसांनी कष्टाच्या आयुष्यात स्वतःसाठी आनंदाच्या जागा केल्याच होत्या. त्यातल्या किती उरल्या? ज्या मुलाला जवळ मैदान नाही, नाट्यगृह नाही आणि ज्या मुलीला अंधार पडल्यावर बाहेर पाठवलं जात नाही, त्यांना खोलीत बसून चांगल्या कलाकृतीचा आनंद घेता येत असेल तर त्याचं समर्थन करण्याची गरज त्यांना नाही. विशेषतः मुलींविषयी हे म्हणायला हवं, कारण त्यांच्या फुरसतीचा हिशोब आपण मुलांपेक्षा जास्त काटेकोरपणे मागतो.

शेवटचा आक्षेप भाषेचा: हे सगळं इंग्रजीत, आपल्या पोरांना परकं. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, फक्त त्याचा पत्ता बदलतो. स्टीमचा पडदा थाई, व्हिएतनामी, ग्रीक, हंगेरियन आणि बल्गेरियन भाषांत वाचता येतो. बल्गेरियन बोलणारे एक कोटीही नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तरीही त्या पडद्यावर मराठी नाही, आणि मराठी संवाद असलेले गेम शोधूनही फारसे मिळत नाहीत. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, तिथल्या कॉलेजांत आज संगणकशास्त्राचे वर्ग भरतात. स्टीमवर गेम विकायला ठेवण्याचं शुल्क १०० डॉलर आहे. त्या वर्गातल्या चौघांनी दोन वर्षं खपून ऊसतोडीच्या तळावरचा एक हंगाम मराठीत खेळायला उभा केला, तर तो टोकियोतला माणूसही विकत घेऊ शकेल. पण तसं काही करण्याची इच्छा ज्याला होईल तो मुलगा आधी बरेच चांगले गेम खेळलेला असावा लागेल, आणि त्यासाठी त्याच्या घरच्यांनी त्याला खेळू दिलेलं असावं लागेल.